चित्र आणि चित्राखालील शब्द : एकोणिसाव्या शतकातील टॉर्पेडो-नौकांची छायाचित्रे

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या अखेरीस, १८६५ च्या फेब्रुवारीत, चार्ल्स्टन बंदर उत्तरेकडील सैन्याच्या हाती पडले. त्यानंतर तेथे घेतलेल्या छायाचित्रांपैकी काहींत ओहोटीच्या वेळी उघडी पडलेली, दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली, चिरुटाच्या आकाराची एक नौका दिसते. अशा चित्राखाली बहुधा 'टॉर्पेडो-नौका' असे शब्द असतात. मराठीत 'टॉर्पेडो' ह्या शब्दाला 'पाणतीर' हा सुटसुटीत प्रतिशब्द रूढ आहे. तेव्हा ह्या चित्राचे वर्णन मराठीत करू पाहणारा अभ्यासक सहजच 'पाणतीर सोडणारी नौका' असे लिहून जाईल. परंतु हे वर्णन चुकीचे ठरते. ज्याला आज पाणतीर म्हणतात ते आयुध १८६५ साली कोठल्याही आरमाराजवळ नव्हते. चित्र खरे आहे, चित्राखालील शब्दही त्या काळाला धरून आहे; तरीही दोहोंच्या संयोगातून वाचकाच्या मनात उभी राहणारी वस्तू मात्र कधीच अस्तित्वात नव्हती.

ऐतिहासिक छायाचित्र हे एक नसून दोन साधने असतात, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. काचेवर उमटलेली प्रतिमा हे एक साधन आणि तिला चिकटलेले शीर्षक हे दुसरे. पहिले एका क्षणाचे असते; दुसरे त्याच वेळचे, वीस वर्षांनंतरचे किंवा संग्रहालयाची सूची तयार करणाऱ्या एखाद्या लेखनिकाच्या काळचे असू शकते. ह्या दोन साधनांचे परस्परांशी नाते कसे तपासावे, ह्याचे टॉर्पेडो-नौकांची छायाचित्रे हे उत्तम उदाहरण आहे. कारण, ज्या चाळीस वर्षांत ह्या नौका जन्मल्या आणि वाढल्या, त्याच चाळीस वर्षांत 'टॉर्पेडो' ह्या शब्दाचा अर्थ आमूलाग्र पालटला, आणि छायाचित्रणाचे तंत्रही पालटले.

शब्दाचा प्रवास

'टॉर्पेडो' हा मूळचा लॅटिन शब्द. बधिर होणे, सुन्न पडणे अशा अर्थाच्या धातूपासून तो बनला असून, स्पर्श करणाऱ्यास विजेचा झटका देणाऱ्या एका माशाचे ते नाव होते. अमेरिकन यंत्रज्ञ रॉबर्ट फुल्टन ह्याने हे नाव पाण्याखाली स्फोट घडविणाऱ्या दारूच्या पेटीला दिले. १८१० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तिकेच्या शीर्षकातच हा शब्द आहे. ही पेटी स्वतः चालत नसे. ती तरंगत सोडली जाई, नांगरून ठेवली जाई, अथवा शत्रूच्या जहाजाला नेऊन भिडविली जाई. ह्या अर्थाने 'टॉर्पेडो' म्हणजे आजच्या भाषेत पाणसुरुंगच होय.

यादवी युद्धात हाच अर्थ प्रचलित होता. ५ ऑगस्ट १८६४ रोजी मोबील उपसागरात 'टेकम्सी' ही उत्तरेची चिलखती युद्धनौका टॉर्पेडोने बुडाली आणि तिच्यावरील नव्वदांहून अधिक माणसे प्राणास मुकली, असे वृत्तांत सांगतात. तेथे कोणी काही सोडले वा मारले नव्हते. पाण्यात नांगरून ठेवलेल्या सुरुंगावर ती नौका स्वतःच जाऊन आदळली होती. त्या प्रसंगी नौसेनापती फॅरागट ह्याने टॉर्पेडोंची पर्वा न करता पुढे जाण्याचा जो हुकूम दिला असे सांगितले जाते, त्यातील टॉर्पेडोही हेच.

त्याच युद्धात दुसरा प्रकार पुढे आला. एका लांब दांडीच्या टोकाला दारूची पेटी बांधावयाची, आणि लहानशा नौकेने ती शत्रूच्या जहाजाच्या पाण्याखालील भागाला नेऊन भिडवावयाची. ५ ऑक्टोबर १८६३ रोजी 'डेव्हिड' ह्या वाफेवर चालणाऱ्या छोट्या नौकेने चार्ल्स्टनपुढे 'न्यू आयर्नसाइड्स' ह्या चिलखती जहाजावर असा हल्ला करून त्याचे नुकसान केले. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री 'हन्ली' ह्या हाताने चालविल्या जाणाऱ्या पाणबुडीने 'हाउसाटॉनिक' हे जहाज ह्याच पद्धतीने बुडविले. ती स्वतः मात्र आपल्या आठही माणसांसह परत आली नाही. ह्या दोन्ही घटनांच्या वर्णनांत 'टॉर्पेडो' हाच शब्द येतो.

तिसरा प्रकार ओढत नेण्याचा. नौकेच्या मागे वा बाजूला दोराने बांधलेली पेटी पाण्यातून तिरपी ओढत न्यावयाची आणि शत्रूच्या जहाजाखाली आणावयाची, अशी योजना ब्रिटिश आरमारातील हार्वी ह्यांच्या नावाने ओळखली जाते. १८७० नंतर काही वर्षे अनेक आरमारांनी तिचा प्रयोग करून पाहिला.

चौथा प्रकार मात्र ह्या तिन्हींहून मूलतः भिन्न होता. ऑस्ट्रियाच्या आरमारातील निवृत्त अधिकारी जोव्हान्नी लुप्पिस ह्याच्या कल्पनेवरून फ्यूमे येथील, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रिएका येथील, इंग्रज यंत्रज्ञ रॉबर्ट व्हाइटहेड ह्याने १८६६ साली दाबलेल्या हवेच्या जोरावर पाण्याखालून स्वतः धावणारे आयुध तयार केले. आरंभी त्याचा वेग ताशी सहा-सात सागरी मैल आणि पल्ला सुमारे दोनशे यार्ड एवढाच होता. पाण्याखालील खोली कायम राखणारी त्याची यंत्ररचना दीर्घकाळ गुपित म्हणून जपली गेली. ब्रिटिश आरमाराने १८७० साली त्याची चाचणी घेऊन पुढील वर्षी हक्क विकत घेतले. २९ मे १८७७ रोजी 'शाह' ह्या ब्रिटिश जहाजाने 'वास्कार' ह्या पेरूच्या जहाजावर ते प्रथम युद्धात सोडले, नेम चुकला. पुढे १८७८ च्या जानेवारीत रशियन नौकांनी बाटुमी येथे 'इन्तिबाह' हे तुर्की जहाज त्याच्या साहाय्याने बुडविले.

भाषेच्या दृष्टीने येथे घडलेली गोष्ट लक्षणीय आहे. नव्या आयुधाला आरंभी विशेषण लावावे लागे. 'मत्स्य-टॉर्पेडो', 'स्वयंचलित टॉर्पेडो', 'व्हाइटहेड-टॉर्पेडो' असे त्याचे उल्लेख होत. नुसता 'टॉर्पेडो' म्हटले की सुरुंगाचाच बोध होई. एकोणिसावे शतक संपेपर्यंत हा क्रम उलटला. नुसता 'टॉर्पेडो' हा शब्द धावणाऱ्या आयुधाकडे गेला आणि विशेषण लावण्याची पाळी जुन्या दांडीच्या टॉर्पेडोवर आली. नांगरलेल्या पेटीला तर 'माइन' हे वेगळे नावच मिळाले. अर्थसंकोचाची ही प्रक्रिया एका दिवसात घडली नाही. म्हणून १८७० ते १८९० ह्या वीस वर्षांतील कोणत्याही शीर्षकातील विशेषणरहित 'टॉर्पेडो' संशयास्पद मानला पाहिजे.

प्रतिमेतील खुणा

शब्द जेथे संदिग्ध आहे तेथे प्रतिमा बोलू शकते. दांडीच्या टॉर्पेडोची नौका असेल तर तिच्या नाळेवर पुढे झुकलेली अथवा तख्तावर आडवी ठेवलेली लांब दांडी आणि ती पुढे सरकविण्याचा आधार दिसतो. ओढत्या टॉर्पेडोसाठी दोर बांधण्याचे खांब आणि दोर सोडण्याची चाके लागतात. व्हाइटहेडचे आयुध असेल तर एक तर नौकेच्या कुशीला ते पाण्यात सोडण्याच्या चौकटी असतात, नाही तर नाळेत अथवा तख्तावर नळी असते.

टेम्स नदीवर चिझिक येथे जॉन थॉर्निक्रॉफ्ट ह्याच्या कारखान्यात बांधल्या गेलेल्या दोन नौका ह्या संक्रमणाच्या साक्षी आहेत. नॉर्वेच्या आरमारासाठी १८७३ साली बांधलेली 'राप' ही टॉर्पेडो-नौकांच्या इतिहासात आरंभीची मानली जाते. नॉर्वेजियन भाषेत तिच्या नावाचा अर्थ 'चपळ' असा आहे. परंतु ती बांधली गेली तेव्हा तिच्यावर व्हाइटहेडचे आयुध नव्हते. ते सोडण्याची सोय १८७९ साली करण्यात आली. म्हणजे 'राप'च्या एखाद्या चित्राखाली 'टॉर्पेडो-नौका, १८७३' एवढेच लिहिले असेल, आणि चित्रात मात्र ही नवी सोय दिसत असेल, तर शीर्षकातील वर्ष नौकेच्या जन्माचे असून चित्राचे नाही, हे उघड होते. ब्रिटिश आरमाराची 'लाइटनिंग' ही नौका १८७६-७७ मधील. ताशी अठरा सागरी मैलांहून अधिक वेगाने ती धावे. आरंभी तिला कुशीला चौकटी होत्या. १८७९ साली त्या काढून नाळेवर एक नळी बसविण्यात आली. चौकटी की नळी, एवढ्या एका तपशिलावरून तिच्या चित्राचा काळ १८७९ च्या अलीकडचा की पलीकडचा हे ठरविता येते.

ह्याच नौकेला पुढे 'टॉर्पेडो-नौका क्रमांक १' असे नाव मिळाले. तेव्हा एका संग्रहात 'लाइटनिंग' आणि दुसऱ्यात 'क्रमांक १' असे शीर्षक आढळले तर त्या दोन नौका समजण्याची चूक सहज होऊ शकते. उलट प्रकारही घडतो. 'डेव्हिड' हे आरंभी एका नौकेचे विशेषनाम होते. बायबलातील बलाढ्य गोलायथला मारणाऱ्या छोट्या डेव्हिडवरून ते घेतलेले होते. तशाच आणखी नौका बांधल्या गेल्यावर ते त्या साऱ्या जातीचे सामान्यनाम बनले. म्हणून चार्ल्स्टनच्या चित्राखाली 'डेव्हिड' असे लिहिलेले असले, तरी १८६३ चा हल्ला करणारी नौका ती हीच, असे केवळ त्या शब्दावरून म्हणता येत नाही.

काचेची मर्यादा

प्रतिमा बोलते, परंतु ती सर्वच सांगते असे नाही. १८५१ पासून प्रचलित झालेल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रासायनिक लेप देऊन ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगोलग धुवावे लागे. प्रकाशनाला सामान्यतः काही सेकंद लागत. अशा तंत्रात वेगाने धावणारी नौका टिपणे कठीण होते. म्हणून आरंभीच्या टॉर्पेडो-नौका चित्रांत धक्क्याला बांधलेल्या, चिखलात रुतलेल्या किंवा कारखान्याच्या उतारावर उभ्या दिसतात. वेग हे ज्यांचे सर्वस्व, त्यांची स्थिर चित्रेच तेवढी मागे राहिली. रिचर्ड मॅडॉक्स ह्याने १८७१ साली सुचविलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचपट्ट्या त्या दशकाच्या अखेरीस बाजारात आल्या, आणि क्षणार्धात चित्र घेणे सर्वसाधारण छायाचित्रकारासही शक्य झाले. १८९७ साली आल्फ्रेड वेस्ट ह्याने घेतलेले 'टर्बिनिया' नौकेचे चित्र ह्या नव्या सामर्थ्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. नाळेपाशी फुटणारे पाणी आणि मागे पसरलेला फेस त्यात स्पष्ट उमटला आहे. चार्ल्स पार्सन्सची ही नौका टॉर्पेडो-नौका नव्हती. ताशी चौतीस सागरी मैलांच्या आसपास वेग गाठून तिने वाफेच्या टर्बाइनची योग्यता सिद्ध केली, आणि पुढील काळातील वेगवान युद्धनौकांची दिशा ठरविली.

रंगाविषयी तर अधिक सावध राहावे लागते. त्या काळच्या काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला फार, आणि तांबड्याला जवळजवळ मुळीच प्रतिसाद देत नसत. त्यामुळे आकाश पांढरेफटक आणि तांबडा रंग काळा उमटे. नौकेचा पाण्यालगतचा पट्टा चित्रात काळा दिसतो म्हणून तो काळाच होता, असे अनुमान काढता येत नाही. शिवाय कारखानदारांच्या विक्रीसाठी घेतलेल्या चित्रांत मागची इमारत वा माणसे पुसून टाकण्याची आणि यंत्राच्या कडा उठावदार करण्याची चाल सर्रास होती. अशा चित्रात पार्श्वभूमी कोरी असेल, तर ती धुक्याची नसून कुंचल्याची असण्याचा संभव ध्यानात घ्यावा.

बांधणीची चित्रे

जहाजबांधणीच्या चित्रांतून जे समजते ते कागदावरील आराखड्यातून बहुधा समजत नाही. टॉर्पेडो-नौकेचा पत्रा फार पातळ, कित्येक ठिकाणी इंचाच्या अष्टमांशाहूनही कमी जाडीचा असे. गंज चढू नये म्हणून त्यावर जस्ताचा मुलामा देत. आत आगगाडीच्या इंजिनासारखे बॉयलर बसविलेले असे. पुढच्या भागावरचे तख्त लाटा निसटून जाव्यात म्हणून कासवाच्या पाठीसारखे गोलसर केलेले असे. उतारावरच्या अपुऱ्या नौकेच्या चित्रात तिच्या बाजूला उभा असलेला कामगार दिसला, की हा सांगाडा किती हलका आणि किती अरुंद होता ह्याचा उलगडा एका दृष्टिक्षेपात होतो.

चिझिकचा कारखाना लंडनच्या पुलांच्या वरच्या अंगास होता. नौका मोठ्या होत गेल्या तशा त्या धुराडी आणि डोलकाठ्या उतरवूनच पुलांखालून समुद्राकडे न्याव्या लागू लागल्या. १९०४ साली कारखाना साउथॅम्प्टनजवळ वुल्स्टन येथे हलविण्यामागे ही अडचण होती. म्हणून टेम्सवरील एखाद्या चित्रात धुराड्यावाचून दिसणारी नौका अपुरीच असेल असे नाही; ती पूर्ण होऊन प्रवासाला निघालेलीही असू शकते. यॅरो ह्याच्या लंडनमधील कारखान्यात बांधलेली जपानची 'कोताका' ही नौका तर सुट्या भागांत जहाजातून नेऊन योकोसुका येथे पुन्हा जोडण्यात आली आणि १८८८ साली पूर्ण झाली. योकोसुका येथील चित्रावरून ती जपानी आराखड्याची म्हणावी, की तिच्या पत्र्यावरून इंग्रजी? स्थळाचे नाव सांगणारे शीर्षक ह्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देते.

आणि काही गोष्टी कोणत्याच चित्रात दिसत नाहीत. 'कोब्रा' ही टर्बाइनवर चालणारी ब्रिटिश विनाशिका चित्रात रेखीव, डौलदार अशी दिसते. १८ सप्टेंबर १९०१ रोजी उत्तर समुद्रात तिचे मधोमध दोन तुकडे झाले आणि ६७ माणसे मृत्युमुखी पडली. तिचा बांधा इतर विनाशिकांपेक्षा दुबळा होता, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. वेगासाठी वजन कमी करण्याच्या हव्यासाची किंमत छायाचित्राने नव्हे, न्यायासनापुढील कागदांनी सांगितली.

भाषांची साक्ष आणि मराठीचा प्रश्न

एकच आयुध निरनिराळ्या भाषांनी कसे ओळखले हे पाहिले म्हणजे इंग्रजी शीर्षकांतील घोटाळा अधिक स्पष्ट होतो. इंग्रजीने जुनाच शब्द नव्या वस्तूकडे सरकविला. रशियन भाषेने सुरुंगाचा 'मिना' हा शब्द कायम ठेवून नव्या आयुधाला 'स्वतः चालणारा सुरुंग' म्हटले. टॉर्पेडो-नौकेचे रशियन नाव 'मिनोनोसेत्स', म्हणजे 'सुरुंगवाहक', असे आहे. जपानीने 'सुइराइ', म्हणजे 'जलगर्जना' किंवा पाण्यातील मेघगर्जना, हा जातिवाचक शब्द घडविला आणि त्याखाली 'ग्योराइ', म्हणजे 'मत्स्यगर्जना', व 'किराइ', म्हणजे 'यंत्रगर्जना', असे पाणतीर व सुरुंग ह्यांचे दोन पोटभेद केले.

मराठीत 'पाणसुरुंग' आणि 'पाणतीर' असे दोन स्वतंत्र समास आहेत. पैकी 'सुरुंग' हा शब्द संस्कृत 'सुरुङ्गा' ह्याच्याकडे जातो. मूळ अर्थ भुयार. ग्रीक 'सिरिंक्स' शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. भुयार, भुयारात ठासलेली दारू, आणि शेवटी समुद्रात नांगरलेली दारू, असा त्याचा प्रवास झाला, आणि इंग्रजी 'माइन' शब्दाचा प्रवासही ह्याच वाटेने झालेला आहे. 'पाणतीर' मात्र गती गृहीत धरतो. जे सुटत नाही, धावत नाही, त्याला तीर म्हणता येत नाही. म्हणजे इंग्रजी शब्द जो निर्णय वाचकापासून झाकून ठेवतो, तो निर्णय मराठी लेखकाला घ्यावाच लागतो. ही मराठीची अडचण नव्हे; ते तिचे सामर्थ्य आहे, परंतु चित्र पाहिल्यावाचून त्याचा उपयोग करता येत नाही.

ह्या विवेचनावरून काही व्यवहार्य नियम निघतात. १८६६ पूर्वीच्या 'टॉर्पेडो'साठी 'पाणतीर' हा शब्द कधीही वापरू नये. दांडीच्या आयुधाला 'दांडीचा सुरुंग', ओढत्याला 'ओढता सुरुंग' आणि त्यांच्या नौकांना 'सुरुंग-नौका' म्हणावे. १८७० ते १८९० ह्या काळात चित्रात नळी अथवा चौकट दिसत असेल, किंवा अन्य लेखी पुरावा असेल, तरच 'पाणतीर' लिहावे. एरवी 'टॉर्पेडो' हाच शब्द तसाच ठेवावा. परकी शब्द ठेवणे हे भाषेचे अपयश नसून ते पुराव्याशी राखलेले इमान होय. 'विनाशिका' ह्या शब्दाचीही अशीच जाण ठेवावी. इंग्रजीत १८९३-९४ च्या सुमारास 'हॅव्हॉक', 'डेअरिंग' इत्यादी नौकांना 'टॉर्पेडो-नौका-विनाशिका' असे पूर्ण नाव होते. पुढे त्यातील कर्म गळाले आणि केवळ क्रियावाचक पद उरले. मराठीने हे उरलेले पदच भाषांतरित केले. त्यामुळे कोणाचा विनाश, हा प्रश्न मराठी शब्दात उमटतच नाही.

हिंदुस्थानच्या बंदरांच्या रक्षणासाठी १८८० च्या दशकाच्या अखेरीस विलायतेत ज्या टॉर्पेडो-नौका बांधल्या गेल्या, त्यांना 'बलुच', 'गुरखा', 'पठाण', 'रजपूत', 'शीख', 'मराठा' अशी नावे देण्यात आली होती. पुढे ब्रिटिश आरमारात त्यांनाही क्रमांक मिळाले. ह्या नौकांविषयी मराठीत लिहू पाहणाऱ्यास नावे व क्रमांक ह्यांची सांगड घालण्याचे काम प्रथम करावे लागेल. तोवर 'मराठा' हे शीर्षक पाहून चित्राचा काळ वा आयुध ठरविणे धाडसाचे होईल.

शब्दाचा अर्थ चुकला तर केवळ एक पारिभाषिक संज्ञा चुकते, असे मानणे बरोबर नाही. 'हन्ली' ही पाणबुडी ऑगस्ट २००० मध्ये समुद्रतळातून वर काढण्यात आली. तिची दांडी पुष्कळ जुन्या आराखड्यांत दाखविल्याप्रमाणे नाळेच्या वरच्या अंगास नसून खालच्या अंगास होती, आणि दारूची पेटी दांडीच्या टोकाला पक्की बसविलेलीच होती, हे उघड झाले. २०१३ साली संशोधकांनी ही दुसरी गोष्ट जाहीर केली. दांडीची लांबी सुमारे सोळा फूट. म्हणजे १३५ पौंड दारूचा स्फोट झाला तेव्हा ती आठ माणसे त्यापासून वीसएक फुटांवर होती. 'हन्लीने पाणतीर सोडला' असे वाक्य मराठीत लिहिले, की हे अंतर नाहीसे होते; दुरून नेम धरून सुरक्षित राहिलेल्या योद्ध्यांचे चित्र डोळ्यांपुढे येते, आणि त्यांच्या मरणाचे कारणही कळेनासे होते. 'हन्लीने दांडीचा सुरुंग भिडविला' असे लिहिले, तर ते सारे एका क्रियापदात सांगितले जाते.